पुठ्ठ्याचा केक

आपल्याकडे लग्न ठरलं की पहिला प्रश्न कार्यालयाचा आणि दुसरा आचाऱ्याचा. इंग्लंडात पहिला प्रश्न कार्यालयाचाच असतो, दुसरा मात्र केकचा. आमच्या लेकीचं लग्न २०११ च्या ऑगस्टमध्ये इथे डर्बीला झालं. जावई इथलाच, डर्बीशरमधल्या एका खेड्यातला. सकाळी आपल्या पद्धतीनं अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी आणि दुपारी त्यांच्या पद्धतीनं जेवण, भाषणं आणि केक, अशी विभागणी दोन्ही घरांनी गोडीगुलाबीनं केली. कामांचीही विभागणी झाली आणि केक माझ्या वाट्याला आला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर सुटे भाग बनवणाऱ्यांच्या मागे लागून वेळेवर माल काढून घेतलात. एक केकवाला तुम्हाला काय जड आहे?" लेक म्हणाली. मला ते पटलं. आपलं कौतुक ऐकलं की माणसाला काहीही पटतं.

केकसाठी दोनशे पौंड ठरवले होते. त्याहून जास्त नाही. लग्नासाठी कर्ज काढायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज वडिलांनी सात वर्षं फेडलेलं मी पाहिलं आहे. शाळामास्तरांचा पगार तो केवढा, आणि त्यातून दर महिन्याला तो हप्ता. त्या सात वर्षांत घरात दिवाळीला नवा कपडा कुणालाच आला नाही. त्यामुळे लेकीचं लग्न थाटात व्हावं असं कितीही वाटलं तरी आकडा दिसला की माझा हात आखडतो.

पहिल्याच दुकानात मला आकडा दिसला. एकशेवीस पाहुणे, तीन मजली पांढरा केक, किंमत साडेचारशे पौंड. त्या वेळच्या भावानं तेहेतीस हजार रुपये! मी म्हटलं, अहो, एवढ्याच वजनाचा साधा केक तुमच्या काचेच्या कपाटात साठ-सत्तर पौंडांना दिसतोय. दुकानदारबाई हसून म्हणाल्या, तो वाढदिवसाचा, हा लग्नाचा. लग्न हा शब्द उच्चारला की किंमत वाढते हे जगात सगळीकडे सारखंच आहे, मंडप असो की केक.

त्यात त्याच एप्रिलमध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मिडलटन यांचं लग्न झालं होतं. त्यांचा आठ मजली फ्रूट केक लेस्टरशरमधल्या, म्हणजे आमच्या शेजारच्या परगण्यातल्या फिओना केर्न्स यांनी केला होता. सतरा केक जोडून उभा केलेला तो मनोरा आणि त्यावरची साखरेची फुलं अख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या उन्हाळ्यात प्रत्येक नवरीला तसली फुलं हवी होती आणि प्रत्येक केकवाल्याची वही भरलेली होती.

शेवटी एक जण दोनशे दहाला तयार झाला. छोटं दुकान, बोलणं गोड, फोटोंचा आल्बम जाडजूड. दीडशे पौंड इसार दिला, पावती घेतली. जूनमध्ये फोन केला, "सगळं ठरल्याप्रमाणे." जुलैच्या सुरुवातीला फोन केला, कुणी उचलला नाही. चार दिवसांनी दुकानावर गेलो तर शटर खाली आणि आतून दाराला पत्रांचा ढीग लागलेला. दुसरी एक बाई घरून केक करायची. तिनं होकार दिला आणि आठवड्यानं कळवलं की त्याच तारखेचा दुसरा, मोठा केक तिनं आधीच घेतलाय. तिसऱ्यानं चव बघायला बोलावलं, चव उत्तम होती, आणि निघताना किंमत शंभरानं वाढवली. लग्नाला चार आठवडे उरले होते. सौ. म्हणाली, "अहो, पेढे ठेवू या ना सरळ." पण विहीणबाईंना केक हवा होता आणि लेकीलाही हवा होता. ती बोलून दाखवत नव्हती, एवढंच.

माझी एक खोड आहे. काम अडलं की मी त्याचा इतिहास वाचायला बसतो. त्यानं काम होत नाही, पण रक्तदाब उतरतो. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन केकवर वाचत बसलो, आणि जे हाती आलं ते इतकं अजब होतं की माझे दीडशे पौंड मी तेवढ्यापुरते विसरलो.

या मंडळींची केकची परंपरा थेट रोमन काळापर्यंत नेऊन भिडवतात. रोममधल्या सरदार घराण्यांत लग्नाचा एक विधी होता, कॉन्फारेशिओ. 'फार' नावाच्या जुन्या जातीच्या गव्हाची पोळी ज्युपिटर देवाला अर्पण करायची, त्यावरून विधीला हे नाव. स्कॉटलंडमध्ये तर अगदी अलीकडच्या शतकांपर्यंत नवी नवरी सासरच्या उंबरठ्याशी आली की तिच्या डोक्यावर ओटची पोळी किंवा शॉर्टब्रेड मोडायचे आणि जमलेले लोक तुकडे वेचायचे. उंबरठ्यावर तांदळाचं माप ओलांडून आलेल्या आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. धान्य आहे, भरभराट आहे, दार आहे. माणसं सगळीकडे सारखीच.

पण यात केक कुठे आला? सतराव्या शतकातल्या इंग्लंडात लग्नाचा मानाचा पदार्थ गोड नव्हताच. तो होता 'ब्राइड पाय'. रॉबर्ट मे नावाच्या आचाऱ्यानं १६६० साली छापलेल्या पुस्तकात त्याची कृती आहे. कोंबड्याचे तुरे, कोकराची वृषणं, कालवं, असल्या वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत भरायच्या आणि एका कप्प्यात जिवंत पक्षी किंवा साप ठेवायचा, म्हणजे टेबलावर तो कापला की पाहुणे चकित होतील! मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, आचारी पळाला ते बरंच झालं."

आज ज्याला आपण वेडिंग केक म्हणतो त्याची पहिली ओळखीची कृती छापली ती एलिझाबेथ रॅफाल्ड या बाईनं, १७६९ साली. ही मँचेस्टरची. आधी मोठ्या घरात कारभारीण, मग स्वतःचं मिठाईचं दुकान. तिच्या 'ब्राइड केक'ला चार पौंड मैदा, चार पौंड लोणी, दोन पौंड साखर, दर पौंड मैद्याला आठ याप्रमाणे बत्तीस अंडी, शिवाय चार पौंड मनुका आणि ब्रँडी लागते. वर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा पांढराशुभ्र थर. म्हणजे आज अडीचशे वर्षांनंतरही या देशातला पारंपरिक लग्नाचा केक मुळात तोच आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या पांढऱ्या थरात आहे. त्या काळी साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत यायची आणि चिमट्यानं तोडावी लागायची. जितकी जास्त वेळा शुद्ध केलेली तितकी पांढरी, आणि जितकी पांढरी तितकी महाग. केक पांढरा का, तर नवरीच्या निर्मळपणाची खूण म्हणून, असं आज सांगतात. व्यवहार असा होता की पांढरा केक म्हणजे पैशाची खूण. आपल्याकडे गाडीवर अत्तर शिंपडणारे पाहुणे असतात ना, तसं.

आणि ती साखर यायची कुठून? वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून, आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून. हे इथल्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटमध्ये पडला, तेव्हा इंग्लंडातल्या घराघरांतून साखरेवर बहिष्कार सुरू झाला. या चळवळीतला पुढारी टॉमस क्लार्कसन याचा अंदाज होता की तीन लाख लोकांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. आपल्या परदेशी मालाच्या होळीच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट, आणि ती मुख्यतः बायकांनी चालवली, कारण साखरेचं खातं त्यांच्याकडे होतं. पुढे १८२०च्या दशकात तर घरात साखरेची अशी भांडी दिसू लागली की ज्यांवर लिहिलेलं असे, ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी पिकवलेली नव्हे.

१८३४ साली ब्रिटिश वसाहतींतली गुलामी कायद्यानं संपू लागली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, गुलामांना छदामही नाही. मग ऊस तोडायचा कुणी? त्याच १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं आणि त्यांचं पहिलं मोठं ठिकाण होतं मॉरिशस. मॉरिशसच्या साखरेवरची जकात १८२५ साली वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणलेली होती, त्यामुळे तिथली साखर थेट इंग्लंडच्या बाजारात उतरत होती. १८३४ ते १९२० या काळात पोर्ट लुईच्या 'आप्रवासी घाटा'वर सुमारे पाच लाख माणसं उतरली. त्यांत बहुतेक बिहारकडची, पण मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. व्हिक्टोरियाच्या काळातल्या त्या शुभ्र मनोऱ्यांत आमच्या कोकणातल्या कुणाचा तरी घाम होता, आणि ही गोष्ट मला डर्बीच्या वाचनालयात, लेकीच्या केकसाठी वणवण करताना कळावी!

आता व्हिक्टोरिया राणीकडेच येऊ. तिचं लग्न १० फेब्रुवारी १८४० ला झालं. केक तीनशे पौंड वजनाचा, नऊ फूट घेराचा आणि चौदा इंच जाड. म्हणजे मनोरा नव्हेच, एक अजस्र चाक. वर साखरेची ब्रिटानिया देवी रोमन वेशातल्या वधूवरांना आशीर्वाद देत उभी, अल्बर्टच्या पायाशी निष्ठेची खूण म्हणून कुत्रा आणि राणीच्या पायाशी पारव्यांची जोडी. त्यातले काही तुकडे अजून शिल्लक आहेत. एक २०१६ साली लिलावात पंधराशे पौंडांना गेला. माझ्या दीडशेच्या दहापट, आणि खाताही येत नाही.

मजले चढले ते पुढच्या पिढीत. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, जानेवारी १८५८ मध्ये, केक माणसाच्या उंचीहून वर गेला. पण त्यात एक गंमत होती. खरा केक फक्त खालचा. वरचे मजले निव्वळ साखरेची कलाकुसर, दाखवायचे. पूर्ण मनोरा खाण्याजोगा व्हायला १८८२ साल उजाडलं, राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड याच्या लग्नात.

इंजिनिअर म्हणून मला यातली अडचण लगेच कळली. केक हा काही भार सोसणारा पदार्थ नाही. दहा-बारा किलोचा एक मजला दुसऱ्यावर ठेवला की खालचा दबतो, खांब लावले तर ते त्यात रुततात. याला उत्तर दोन गोष्टींनी मिळालं. एक म्हणजे गच्च फळांचा, विटेसारखा केक. दुसरी म्हणजे रॉयल आयसिंग, अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर यांचा लेप, जो वाळला की सिमेंटसारखा होतो. अशा कवचावर खांब उभे राहतात. आता मऊ स्पंज केक वापरतात तेव्हा आत खालपर्यंत काठ्या खुपसतात आणि वरच्या मजल्याचा भार त्या काठ्या थेट पाटावर उतरवतात. केक फक्त भिंतींसारखा भोवती असतो. म्हणजे आपल्या इमारतींचे कॉलम, दुसरं काय!

१८७४ साली साखरेवरची जकात पूर्ण उठली, साखर स्वस्त झाली आणि राजवाड्यातला मनोरा हळूहळू कारकुनाच्या, दुकानदाराच्या लग्नात आला. तीन मजले, पांढरे खांब, वर फुलं. आपण ज्याला 'परंपरा' म्हणतो ती पुष्कळदा अशीच असते. राजाचं लग्न, आणि त्यामागे पन्नास वर्षांनी आपलं.

एव्हाना तुम्ही विचाराल की माझ्या फरार केकवाल्याचं इतिहासात काय? तेही सापडलं. बेकऱ्यांवर भरवसा न ठेवण्याची या देशाची परंपरा केकहून जुनी आहे. १२६६ च्या सुमाराचा कायदा आहे, पाव आणि बिअरचा. गव्हाचा भाव चढला-उतरला की एका पेनीच्या पावाचं वजन किती असायला हवं हे सरकार ठरवून द्यायचं. वजनात मारलं तर दंड, पुन्हा मारलं तर खोड्यात अडकवून चौकात उभं करणं. लंडनमध्ये तर खोटा पाव गळ्यात बांधून बेकऱ्याला फरफटत गावभर फिरवायचे. डझनाला तेरा पाव देण्याची पद्धत या भीतीतूनच पडली असं सांगतात. मी त्या बंद शटरसमोर उभा होतो तेव्हा हा कायदा रद्द झाल्याचं मला मनापासून वाईट वाटलं होतं.

पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. १८२० साली फ्रेडरिक आकुम या लंडनमधल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून दाखवलं की पाव पांढरा दिसावा म्हणून बेकरीवाले त्यात तुरटी घालतात आणि मिठाईच्या रंगांत शिसं आणि तांबं असतं. त्यानं भेसळ करणाऱ्यांची नावं छापली. १८५०च्या दशकात आर्थर हॅसल यानं सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासून तेच काम पुढे नेलं. तरी कायदा हलेना. मग ऑक्टोबर १८५८ मध्ये ब्रॅडफर्डच्या बाजारात एका मिठाईवाल्यानं पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या. साखर महाग, म्हणून गोळ्या बनवणारा तिच्यात जिप्समसारखी पांढरी भुकटी मिसळायचा, आणि यात कुणाला वावगं वाटत नसे. त्या दिवशी औषधवाल्याच्या नोकरानं चुकून भुकटीऐवजी सोमल दिला. वीसेक माणसं मेली, त्यांत लहान मुलं बरीच. दोनशेहून जास्त आजारी पडली. खटला उभा राहिला, शिक्षा कुणालाच झाली नाही. पण लोक खवळले आणि १८६० साली भेसळीविरुद्धचा पहिला कायदा आला, १८७५ साली पक्का कायदा झाला.

बघा, एकच साल. १८५८ च्या जानेवारीत राजवाड्यात साखरेचा मनोरा उभा आहे आणि ऑक्टोबरमध्ये ब्रॅडफर्डच्या गरिबांच्या पोरांना चवीपुरतीसुद्धा निखळ साखर परवडत नाही म्हणून ती मरताहेत. स्वस्त गोडाची किंमत कुणीतरी भरत होतंच. कधी वेस्ट इंडीजचा गुलाम, कधी कोकणातला मजूर, कधी ब्रॅडफर्डचं पोर.

हे सगळं डोक्यात घेऊन रविवारी विहीणबाईंकडे चहाला गेलो. तिथे जावयाची आजी होती. सगळे तिला नॅन म्हणतात, म्हणून आम्हीही नॅन म्हणायचो. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट. माझी केकवाल्यांची कर्मकहाणी ऐकून ती उठली, आतून एक फोटो घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मार्च १९४४. लष्करी गणवेशातला हसरा नवरा, साध्या सुटातली ती आणि दोघांच्या मध्ये तीन मजली पांढराशुभ्र केक, खांबांसकट.

"छान आहे ना?" तिनं विचारलं. "पुठ्ठ्याचा आहे तो."

दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून इथे साखर रेशनवर होती, माणशी आठवड्याला साधारण पाव किलो. ऑगस्ट १९४० पासून तर केकवर साखरेचं आयसिंग करण्यालाच बंदी आली. मग बेकरीवाल्यांनी तोड काढली. पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टरचा, नक्षीदार मजल्यांचा पोकळ केक भाड्यानं द्यायचा. तो टेबलावर ठेवायचा, फोटो काढायचा, मग टोपणासारखा उचलायचा आणि आतला छोटासा काळपट खरा केक कापायचा. नॅनच्या केकसाठी दोन मावश्या आणि एका शेजारणीनं आपल्या वाट्याची साखर दिली होती. मनुका मिळाल्या नाहीत म्हणून सुके आलुबुखार घातले, अंडी भुकटीची होती आणि रंग यावा म्हणून चक्क रश्श्यात घालायचा तपकिरी रंग. नवऱ्याला रजा अठ्ठेचाळीस तासांची. "सगळ्यांना माहीत होतं पुठ्ठा आहे म्हणून," नॅन म्हणाली, "म्हणून तर कुणाला वाईट वाटलं नाही."

युद्ध संपलं तरी टंचाई संपली नव्हती. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा देशात पावसुद्धा रेशनवर होता. तिचा केक मात्र नऊ फूट उंच, पाचशे पौंडांचा, चार मजली. त्यासाठी साखर आणि इतर जिन्नस ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवले होते, म्हणून त्याला 'दहा हजार मैलांचा केक' म्हणत. साखर रेशनमधून सुटायला सप्टेंबर १९५३ उजाडलं.

फोटो हातात धरून मला आमच्या घरचं लग्न आठवलं. १९७३ साल, दुष्काळाच्या पाठोपाठचं. आम्ही नगर जिल्ह्यातले, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. साखर कारखान्याची चिमणी आमच्या घराच्या अंगणातून दिसायची, मळीचा वास घरभर असायचा, आणि तरी थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या बुंदीसाठी साखरेचं परमिट मिळवायला वडील तहसील कचेरीत चार खेपा घालत होते. शेवटी मिळाली ती पुरेना. काकूनं, मामीनं, शेजारच्या मुल्लाचाचीनं आपल्या रेशनची साखर पिशवीतून आणून आईच्या हातात दिली. मी नॅनला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, तिनं फक्त माझ्या हातावर हात ठेवला. एक डर्बीशरचं खेडं, एक नगर जिल्ह्यातलं गाव, आणि मधे एकोणतीस वर्षं.

मग ती एकदम व्यवहारावर आली. "आता पुठ्ठा कशाला? तुम्ही इंजिनिअर ना?"

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही केक बांधला. बांधला हाच शब्द बरोबर आहे. वरचे दोन मजले थर्मोकोलचे, खालचा खरा. खालच्या मजल्याचा फ्रूट केक सौ.नं नॅनच्या देखरेखीखाली केला. नॅन खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. असा केक खरं तर दोन-तीन महिने आधी करून त्याला अधूनमधून ब्रँडी पाजायची असते, पण तीन आठवडेही चालतील असा तिनं निर्वाळा दिला. अंडी आणि ब्रँडी एकाच पातेल्यात बघून माझी आई काय म्हणाली असती कोण जाणे. तयार आयसिंग आणून जावयानं आणि मी थर्मोकोलवर चढवलं. पहिल्या खेपेला ते भिंतीच्या पोपड्यासारखं सुटलं, दुसऱ्या खेपेला बसलं. मजले सरळ बसलेत की नाही ते मी पाणसळ लावून पाहिलं. खांबांची खरं तर गरज नव्हती, थर्मोकोलला वजन ते काय असणार! पण मी चार लावले. फुलं खरी, विहीणबाईंच्या बागेतली. एकशेवीस पाहुण्यांसाठी साधे चौकोनी केक सुपरमार्केटमधून आणून स्वयंपाकघरात कापून ठेवले. इथले मोठे केटररही पुष्कळदा हेच करतात हे मला नंतर कळलं.

हिशोब सांगतो, त्याशिवाय मला चैन पडणार नाही. थर्मोकोल १४ पौंड, आयसिंग २२, फळं, बदाम आणि ब्रँडी ४३, साधे केक ५०. एकूण १२९. बुडालेले दीडशे धरले तर २७९. ठरवल्यापेक्षा ७९ नं जास्त, पण साडेचारशेपेक्षा कितीतरी कमी.

लग्नाच्या दिवशी लेकीनं आणि जावयानं सुरी खालच्या मजल्यातच चालवली. लेकीनं भाषणात सांगूनच टाकलं की वरचे दोन मजले बाबांचे आहेत, दात जपा. सगळे हसले, आणि नॅन सगळ्यांत जास्त.

माझे दीडशे पौंड काही परत आले नाहीत. वर्षभरानं कळलं की त्या माणसानं राजघराण्याच्या लग्नाच्या लाटेत झेपतील त्याच्या दुप्पट ऑर्डरी घेतल्या, त्याही कमी भावात, आणि दिवाळं काढलं. तेव्हा राग थोडा निवळला. आठवडाभर तीन माणसं एकेक साखरेचं फूल हातानं वळतात, त्याचे साडेचारशे होतात, हे मला एव्हाना समजलं होतं. तो दोनशे दहाला तयार झाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. साखरेचा एवढा इतिहास मी वाचला तो त्यानंतर.

इथे एक रीत आहे की वरचा मजला जपून ठेवायचा आणि पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याला खायचा. आमचा वरचा मजला थर्मोकोलचा, तो अजून माळ्यावर आहे. पण खालच्या खऱ्या केकचा एक तुकडा नॅननं मुद्दाम डब्यात घालून, कागदात गुंडाळून लेकीकडे दिला होता. २०१४ साली नातवाचं बारसं झालं. नॅन आदल्या वर्षीच गेली होती. घुगऱ्या वाटून झाल्यावर लेकीनं तो डबा उघडला. तीन वर्षांचा केक, काळा, ब्रँडीचा वास येणारा. प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर आला, घुगऱ्यांच्या शेजारी.

चव? चांगली होती. जरा जास्त गोड.